मंडळाचे ६२ हजार, झाबुआची टेकडी आणि हजार रोपं : जावं की न जावं?

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका छोट्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार म्हणून विचारतोय. गेल्या गणपतीचा जमाखर्च मिटवल्यावर ६२ हजार शिल्लक राहिले. यंदा ऑर्केस्ट्रा नको, पर्यावरणासाठी काही करू असं कार्यकारिणीत ठरलं. (हे एकमताने ठरलं, याचंच मला अजून नवल वाटतंय.)

२०२४ च्या जुलैत आपल्या इंदुरात रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावून गिनीज विक्रम झाला, तेव्हा आमचेही चाळीस जण टोप्या घालून गेले होते. त्याच धर्तीवर यंदा बस करून झाबुआकडे जायचं, एका भिल्ल गावाच्या टेकडीवर हजार रोपं लावायची आणि मंडळाचा फलक उभा करायचा, असा बेत आहे. पावसाला महिनाभर आहे.

काल जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, टेकडी त्यांची, झाडं कुठली ते तुम्ही ठरवणार, आणि फोटोत तुम्ही." घास घशात अडकला. तिचं म्हणणं, जंगल राखायचं काम आदिवासी गावं स्वतः करतात तिथे त्यांना हातभार लावा, आपली झाडं त्यांच्या डोक्यावर लादू नका. पटतंय. पण हातभार म्हणजे नेमकं काय? पैसे कुणाला द्यायचे? अनुभवी लोकांनी सांगावं.

उसळपोहे
काका, आमच्या सोसायटीत तीन वर्षांत एक तुळस जगली नाही आणि तुम्ही हजार रोपं झाबुआला नेताय. आधी बसमध्ये पोह्यांवरचं जिरावण (मसाला) किती किलो घेणार ते सांगा.

मालवी_मैना
सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातलाय.

काका, तुम्ही हलमा ऐकलंय का? झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्लांची जुनी रीत. एखाद्यावर अडचण आली, त्याचे स्वतःचे सगळे उपाय थकले, की तो हलमा बोलावतो. मग गाव येतं आणि मजुरी न घेता काम उरकून जातं. शिवगंगा संस्थेने हीच रीत टेकड्यांसाठी वापरली. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर हजारो माणसं एका दिवसात पाणी अडवायचे चर खणतात. संस्थेचे महेश शर्मा यांना २०१९ ला पद्मश्री मिळाली.

मी एकदा पाहायला गेले होते. डोक्यावर तगारी, खांद्यावर गेंती, कमरेला फडक्यात मक्याची रोटी. सगळं घरून आणलेलं, येण्याजाण्याचं भाडंही स्वतःचं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील. मी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि माझ्या हातात तगारी दिली. पुढचे दोन तास मी माती वाहिली. दुसऱ्या दिवशी पाठ धरली ती वेगळी.

कडूकारले
सगळं छान. पण एक प्रश्न: "आदिवासी म्हणजे निसर्गरक्षक" हे वाक्य शहरातल्या माणसाला इतकं का आवडतं? खेड्यातला माणूस तोही माणूसच. त्यालाही मोटारसायकल हवी आहे.

निवृत्त_रेंजर
कडूकारले यांच्याशी सहमत. ३४ वर्षं मध्य प्रदेशच्या जंगलात नोकरी केली, म्हणून जरा कडवट लिहितो.

निमाडात "नेवाड" शब्द आहे. जंगल तोडून नवं शेत काढणं. एका रात्रीत दोन-दोनशे सागवानं आडवी झालेली मी पाहिली आहेत, आणि पकडलेल्यांत बाहेरचे व्यापारी होते तसे गावचेही होते. महुआची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती आग डोंगरभर जाते. १९९१ नंतर आम्ही संयुक्त वनव्यवस्थापनाच्या, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल राखायच्या, समित्या काढल्या. जोवर योजनेचे पैसे तोवर समिती, पैसे संपले की रजिस्टर कपाटात. "गावाकडे जंगल द्या, ते राखतील" हे चित्र फार भाबडं आहे.

धडगावचा
मी पावरा आदिवासी. गाव सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, नोकरी इंदुरात. इथे अकरा वर्षं वाचतोय, लिहितो कमी. आज लिहावं लागतंय, कारण चर्चा आमच्याबद्दल चाललीय आणि आम्ही इथे नसल्यासारखी चाललीय.

रेंजरसाहेब, तुमचा अनुभव खोटा नाही. पण त्या समित्यांची गोष्ट पुरती सांगा. सचिव कोण होता? वनखात्याचाच माणूस. पैसा कुणाच्या सहीने निघायचा? झाड कुठलं लावायचं हे कुणी ठरवलं? ज्या घराची किल्ली आपल्याकडे नाही, त्याला रोज झाडू कोण मारेल?

नेवाडचंही तसंच. २०२२-२३ मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर भागात हजारो झाडं कापली गेली, तेव्हा त्याविरुद्ध तक्रारी आणि मोर्चे कुणी काढले? तिथल्याच आदिवासी संघटनेने. कापणाऱ्यांत आदिवासी होते, अडवणाऱ्यांतही. आम्ही देव नाही, चोरही नाही. आमच्याकडे वाघदेवाची पूजा होते आणि आमच्याच गावात कुऱ्हाडीही आहेत.

प्रश्न इतकाच आहे की "नाही" म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला माझा चुलता आज अडवायला गेला तर तो विचारतो, "तू कोण? जंगल सरकारचं." चुलत्याकडे त्यावर उत्तर नाही. वनहक्क कायदा २००६ चा, लागू झाला ३१ डिसेंबर २००७ पासून. त्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये हे उत्तर आहे: गाव परंपरेने जे जंगल राखत आलं, ते राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेचा. झाडं लावणं त्यानंतरची गोष्ट.

चिंगी
+१००. धडगावचा, तुम्ही जास्त लिहीत जा ना.

पैठणी_ते_पॅंट
मेंढा-लेखा आठवलं. गडचिरोलीतलं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." आमच्या कॉलेजच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं. त्यांना २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवाना मिळेना. कायद्यात बांबू गौण वनउपज (म्हणजे गावाला विकता येणारी), आणि खातं म्हणे लाकूड! शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात गेले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. बांबू हे गवत आहे हे ठरवायला मंत्री यावा लागला.

उसळपोहे
आमच्याकडे टाकीत पाणी सोडायलाही नगरसेवक यावा लागतो, त्यामानाने ठीकच.

मॅडिसनकर
माहेर इंदूर, सध्या विस्कॉन्सिनमध्ये. इथून तीन तासांवर मेनोमिनी या इथल्या आदिवासी लोकांचं जंगल आहे. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या करारानंतर त्यांच्याकडे जो तुकडा उरला त्यात ते पिढ्यान् पिढ्या लाकूडतोड करत आलेत. स्वतःची आरागिरणी आहे. आणि तरी आज तिथे उभं असलेलं लाकूड १८५४ पेक्षा जास्त आहे! आधी म्हातारी, रोगट, पडलेली झाडं काढायची, जोमदार झाड वाढू द्यायचं. इथे विमानातून पाहिलं तर त्यांच्या हद्दीची रेघ दिसते म्हणतात, आत गर्द हिरवं, बाहेर शेतं. त्यामुळे रेंजरकाका, गावाच्या हाती कुऱ्हाड दिसली की जंगल संपलंच असं नाही.

आगीबद्दलही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये आदिवासी वनरक्षक पावसाळा संपता संपता, ओल असतानाच, छोट्या छोट्या आगी मुद्दाम लावतात. गवत तुकड्यातुकड्यांनी जळतं, मग कडक उन्हाळ्यातला वणवा पसरायला वाट उरत नाही. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे हवा तापवणारे वायू कमी सुटतात म्हणून २००६ पासून एक वायू कंपनी त्यांना त्याचे पैसे देऊ लागली.

निवृत्त_रेंजर
वाचलं. ऑस्ट्रेलियाचं गवताळ रान आणि आपलं पानगळीचं जंगल एका मापाने मोजू नका. आपल्याकडे महुआखाली पेटवण्याऐवजी जाळी बांधतात, फुलं जाळीत पडतात, मातीही लागत नाही. भावही बरा येतो.

धडगावचा, सचिवाबद्दल बोललात ते खरं आहे. मी स्वतः सात समित्यांचा पदसिद्ध सचिव होतो. सातही ठरावांचं अक्षर माझंच.

आणि मूळ प्रश्नाला हात घालतो, कारण इथे झाडांबद्दल कुणी बोललंच नाही. राजेंद्रनगरकर, ती टेकडी उघडी दिसते म्हणून फसू नका. आधी जाऊन खाली वाकून पाहा. साग, धावडा, तेंदू, पळस यांचे खुंट जमिनीलगत जिवंत असतात. गुरं आणि कुऱ्हाड दोन-तीन वर्षं बाहेर राहिली की सागाच्या एका खुंटाला सात-आठ फुटवे येतात. त्यातला सरळ एक राखायचा, बाकीचे छाटायचे. मुळं जुनी आणि खोल, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यातच तो तुमच्या नर्सरीच्या रोपाला मागे टाकतो. पिशवीतलं रोप मुरमात लावलं तर मे महिन्यात त्याची काडी होते. मी अशा काड्या हेक्टरी मोजल्यात आणि रजिस्टरात "जिवंत" लिहिल्यात. आता निवृत्त आहे, सांगायला हरकत नाही.

कार्बन हवेतून खेचायचा तर जमिनीत आधीच असलेली मुळं जगवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण त्यासाठी रोज कुणीतरी तिथे राखणीला हवं. ते काम गावाशिवाय कुणी करू शकत नाही, हे मीही मान्य करतो.

कडूकारले
रेंजरकाका, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

राजेंद्रनगरकर
धन्यवाद मंडळी. कार्यकारिणीत हे वाचून दाखवलं. एक सदस्य म्हणाले, "मग कार्बन क्रेडिट (झाडांनी कार्बन शोषल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र) घेऊ, मंडळाला उत्पन्नही होईल." त्यावर काय म्हणू?

धडगावचा
काका, नम्रपणे सांगतो, त्या सदस्यांना चहा पाजा आणि विषय बदला. जंगल गावाचं, राखण गावाची, आणि क्रेडिट मंडळाला? हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालूच आहे. इंग्रजीतला जाडजूड करार, पंचवीस-तीस वर्षांचा, आणि सरपंचाचा अंगठा.

जुना_मोजणीदार
केंद्राचा ग्रीन क्रेडिट कार्यक्रमही पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये पद्धत ठरली, ती तेव्हा अशी होती: "अवनत" (ऱ्हास झालेल्या) वनजमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडं, झाडामागे एक क्रेडिट. कागदावर अवनत म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याचदा गावाचं चराऊ रान. तिथे अकराशे झाडं खच्चून लावली तर शेळ्या कुठे जाणार?

मोठ्या पैशाचंही तेच. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या जमीन-जंगल हक्कांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी जे वाटले त्यातले फक्त ७ टक्के थेट त्यांच्या संघटनांच्या हातात पडले. बाकीचे मधल्या संस्थांतून गेले. मधल्यांचे पगार, अहवाल, हॉटेल. काका, तुमच्या ६२ हजारांतले बसभाडं आणि फलक किती?

राजेंद्रनगरकर
बस २१, फलक ६, नाश्ता ९. रोपं आणि खड्डे मिळून २२. उरलेले किरकोळ.

उसळपोहे
नाश्ता ९?? काका, या धाग्यावरचा हा सगळ्यात धक्कादायक आकडा आहे.

मालवी_मैना
मजेत बोलताय पण हिशोब बघा ना, टेकडीला बाविसच जाणार.

जोशीबुवा_ग्वाल्हेर
अवांतर: आमच्या ग्वाल्हेरला असले उपक्रम कधी होत नाहीत. इथे फक्त किल्ला आणि गाणं.

चिंगी
बुवा, इथेही फक्त पोहे आणि सफाई. चला, विषयावर या.

राजेंद्रनगरकर
बारा दिवसांनी लिहितोय. आम्ही तिघंच गेलो, बसबिस काही नाही. शिक्षक असलेल्या एका परिचितांच्या ओळखीने. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

साठेक घरं, टेकडीच्या उतारावर विखुरलेली. एका घराच्या अंगणात महुआखाली खाटा टाकल्या. मी जुनी सवय म्हणून भाषण सुरू केलं, "आम्ही इंदूरहून झाडं लावायला..." गावच्या पटेलांनी, म्हणजे मुखियांनी, हात वर केला आणि मला टेकडीवर घेऊन गेले. वर तारेचं तुटकं कुंपण आणि ओळीत खड्डे. एका योजनेत खणलेले, पुढच्या योजनेत थोडे उकरून नवे दाखवलेले. काही खड्ड्यांत काडीही नव्हती. त्यांनी हिशोब सांगितला तो असा: तीन वेळा झाडं लावली, तीन वेळा कुंपण घातलं, तीन वेळा शेळ्या वर्षभर घरी बांधल्या. मग रेंजरकाकांचं आठवून मी खाली वाकलो. पळसाचे खुंट होते, फुटलेले. पटेल हसले. म्हणाले, पलीकडच्या उतारावर बघा. तिथे गावाने चार वर्षांपासून कुऱ्हाडबंदी केली आहे, कुणाच्या सांगण्यावरून नाही. धावडा माझ्या खांद्याएवढा होता.

परत अंगणात. एका बाईंनी आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली, आत पिशवी, त्यात पिशवी, त्यात कागद. गावाने सामूहिक वनसंसाधनाचा दावा केला होता, त्याचं उपखंड समितीकडून (दावे तपासणारी सरकारी समिती) आलेलं उत्तर. दीड ओळ: "साक्ष्य अपर्याप्त, दावा अमान्य." तारीख तेवीस दिवसांपूर्वीची. त्या बाई गावाच्या वन अधिकार समितीत आहेत. त्यांना वाचता येत होतं. "पर्याप्त म्हणजे किती, ते लिहिलं नाही," एवढंच म्हणाल्या.

निघताना विचारलं, तुम्हाला काय हवंय? मला वाटलं बोअरवेल म्हणतील. पटेल म्हणाले, झेरॉक्स. तालुक्याला जायचं भाडं. आणि नकाशा वाचणारा माणूस.

धडगावचा
काका, तेवीस दिवस झालेत? ऐका. नियमांप्रमाणे उपखंड समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. मुदत चालू आहे! दावा फेटाळायचा तर कारणं लेखी द्यायला हवीत, दीड ओळ म्हणजे कारण नव्हे.

पुराव्यांचं: फक्त सरकारी कागदच चालतात असं नाही. म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन चालतं. देवस्थान, दफनाच्या जागा, जुन्या विहिरी चालतात. त्या टेकडीवर गातले आहेत का? मेलेल्यांच्या नावाचे उभे कोरीव दगड, घोड्यावरचा माणूस असतो त्यावर. असतील तर प्रत्येकाचा फोटो, आणि नकाशावर खूण. ग्रामसभेचा ठराव नव्याने करा, निम्मी हजेरी लागते, त्यात एक तृतीयांश बाया.

राजेंद्रनगरकर
गातले आहेत! पाच तरी पाहिले. मला वाटलं देवाचे.

जुना_मोजणीदार
काका, मी येतो. भूमिअभिलेखात २९ वर्षं काढलीत. दाव्याला जोडलेल्या नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मला शंका आहे की कक्ष (वनखात्याने आखलेला जंगलाचा तुकडा) क्रमांक चुकलाय. नेहमीचं दुखणं आहे. गाव म्हणतं "बोरडीवाला नाळा", कागद म्हणतो कक्ष अमुक, आणि दोघं एकाच जागेबद्दल बोलतायत हे दाखवणारं मध्ये कुणी नसतं.

कडूकारले
म्हणजे हवामानबदलाशी लढायला झेरॉक्स मशीन. माझं कडूपण जरा उतरलं.

पैठणी_ते_पॅंट
एक शंका. मध्य प्रदेशात असे दावे मंजूर होतात का? महाराष्ट्राच्या तुलनेत ३(१)(झ) खाली तिथे फारच थोडे झालेत. उगाच आशा लावून परत येऊ नका.

धडगावचा
शंका रास्त आहे. नाही होणार कदाचित. पण चार वर्षं कुऱ्हाडबंदी त्यांनी आशेवर केली नव्हती, आपली म्हणून केली होती. तुम्ही फक्त कागद पुढे ढकला. आणि काका, विनंती: तिथे "आम्ही तुमचा दावा मंजूर करून देतो" असं कुणी बोलू नका. निवेदन त्यांचं, सही त्यांची, जिल्ह्याला बोलायला तीच समितीवाली बाई. तुम्ही मागच्या बाकावर.

निवृत्त_रेंजर
मागच्या बाकावर जागा असेल तर मीही येतो. कक्षाच्या इतिहासाची पुस्तिका काय असते आणि ती कुठल्या कार्यालयात मागायची हे मला माहीत आहे. तिच्यात "ग्रामीणों द्वारा चराई एवं निस्तार" असं जुन्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. खात्याच्याच कागदावर गावाची वहिवाट! एवढा पुरावा कुणाला अपर्याप्त म्हणता येणार नाही. मात्र गावाला आधी विचारा. खाकीतली माझ्यासारखी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिलीत, त्यांना नको असेल तर मी गाडीत बसून राहीन.

राजेंद्रनगरकर
फोन केला. पटेल म्हणाले, "आणा, पण वही घेऊन नको."

कार्यकारिणीचा निर्णयही सांगतो. बस रद्द. १८ हजार नकाशे, झेरॉक्स, फोटो आणि समितीच्या सहा जणांच्या तालुका-जिल्ह्याच्या फेऱ्यांना. पैसे ग्रामसभेच्या ठरावाने, वहीत नोंदून. बाकीचे ठेवून दिलेत, पावसानंतर त्या उघड्या उताराचं काय करायचं ते गाव सांगेल तेव्हा. कदाचित राखणदाराचा दाणापाणी, कदाचित महुआच्या जाळ्या. तीन सदस्यांनी विरोध नोंदवला, त्यांचं म्हणणं, यात फोटो कुठे येणार? रविवारी पहाटे पाच, दोन गाड्या.

मालवी_मैना
एक जागा माझी. तगारी आणू?

उसळपोहे
काका, अध्यक्षांनी "भव्य वृक्षारोपण" चा फ्लेक्स आधीच छापून ठेवलाय ना, बारा बाय आठचा? तो न्या. उलटा करून अंगणात अंथरला की अख्खा नकाशा मावेल. पोहे मी आणतो, नऊ हजारांचे नाही.